हजेरीपटावरील कलावंत



  'एका इंग्रजी नगराचे कलाजीवन' असा विषय या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला नेमून दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड असावे, नाहीतर विद्यापीठांच्या मनोऱ्यांचे ऑक्सफर्ड. त्या नगरांविषयी बोलणे सोपे, कारण तेथे विद्या आणि कला हाच गावाचा मुख्य व्यापार होऊन बसला आहे. परंतु भिलाईच्या सिविक सेंटरात उभे राहून, ज्यांच्या आयुष्याची घटका भोंग्याने मोजली गेली अशा श्रोत्यांपुढे मी ऑक्सफर्डचे मनोरे वर्णन करू लागलो तर आपण सौजन्याने ऐकून घ्याल, पण मनातून घरी गेलेले असाल. म्हणून मी नगर निवडले ते शेफील्ड. इंग्लंडच्या उत्तरेकडील, यॉर्कशर परगण्यातील, चाकूसुऱ्यांसाठी आणि पोलादासाठी जगप्रसिद्ध झालेले गाव. आणि शेफील्डचे नाव घेतले की त्याच्या शेजारी पोलादाचेच गाव असलेल्या भिलाईचे नाव आपोआपच येऊन बसते.

माझा प्रश्न साधा आहे. पोलाद ओतणाऱ्या गावात कला कोठून येते? आणि आल्यावर ती कोणाच्या खर्चाने राहते? पहिल्या प्रश्नावर विद्वान पुष्कळ बोलतात. दुसरा ते असभ्य समजतात. मला तो असभ्य वाटत नाही. संभाजी भोसल्यांच्या पदरी कवी होते, नागपूरकरांच्या पदरी गवई होते, आणि पदरी असणे म्हणजे सरकारी दप्तरात नावासमोर रक्कम लिहिलेली असणे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कधी लाजिरवाणी वाटली नाही.

आता शेफील्ड. अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने, आपल्या स्प्रिंगांसाठी एकजिनसी पोलाद मिळेना म्हणून, मातीच्या मुशीत पोलाद वितळविण्याची रीत तेथे बसविली. पुढे १८५८ च्या सुमारास बेसेमरने आपला कारखाना तेथेच उभारला, आणि डोंगरांच्या कुशीतले एक कारागिरांचे गाव पाहता पाहता धुराने काळवंडून गेले. या गावात १८७५ साली एक विलक्षण गृहस्थ संग्रहालय काढावयास आला. त्याचे नाव जॉन रस्किन. होय, तोच रस्किन, ज्याचे पुस्तक १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचून गांधीजींची झोप उडाली आणि ज्यातून पुढे 'सर्वोदय' हा ग्रंथ निघाला. आपल्या गावच्या नाट्यगृहाला महात्मा गांधी कला मंदिर असे नाव देताना हा धागा कोणाच्या ध्यानात होता की नाही हे मी सांगू शकत नाही; पण धागा आहे.

रस्किनने संग्रहालय शहराच्या मध्यभागी थाटले नाही. वॉकली नावाच्या टेकडीवर एक लहानसे घर घेतले, इतके लहान की चार माणसे आत आली तर पाचव्याने बाहेर थांबावे, आणि त्यात त्याने काय ठेवले? स्फटिक आणि खनिजे, पक्ष्यांची चित्रे, व्हेनिसच्या वास्तूंची रेखाटने, हस्तलिखित पोथ्यांची सुवर्णाक्षरी पाने, आणि व्हेरोक्किओचे म्हणून विकत घेतलेले माता मेरीचे एक मूळ इटालियन चित्र. हे सारे कोणासाठी? तर दिवसभर सहाणेवर पाती लावून लावून ज्यांच्या छातीत दगडाची धूळ बसली आहे अशा कारागिरांसाठी. रस्किनचा हेतू असा की त्या मनुष्याने धुराच्या वर चढून यावे, टेकडीवरची हवा छातीत भरावी, आणि मग एक गारगोटी अशी पाहावी की जणू ती त्याच्याचसाठी पृथ्वीच्या पोटात घडली होती. आणि एक बारीकसा तपशील, जो मला साऱ्या तत्त्वज्ञानाहून मोलाचा वाटतो: ते घर संध्याकाळी उघडे असे, रविवारीही उघडे असे. ज्यांच्यासाठी संग्रह केला त्यांची सुट्टी केव्हा असते, हे त्या संग्राहकाने आधी विचारून घेतले होते. आपल्याकडील किती कलादालनांविषयी असे म्हणता येईल? याच सिविक सेंटरातील नेहरू कलादालनाचे पदाधिकारी सभागृहात असतील तर त्यांनी हा प्रश्न टीका म्हणून घेऊ नये. जिज्ञासा म्हणून घ्यावा.

परंतु रस्किनचे संग्रहालय हे दात्याचे दान होते. दान कितीही थोर असले तरी दाता गेल्यावर त्याचा मुक्काम हलतो. १८९० साली तो संग्रह टेकडीवरून मिअर्सब्रुकच्या उद्यानगृहात नेला, विसाव्या शतकात तो काही काळ शहराबाहेरच गेला, आणि कालांतराने परत आला. या काळात शेफील्डचे लोक कलेवाचून राहिले का? मुळीच नाही. येथे माझा दुसरा मुद्दा येतो, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक रसाळ आहे.

शेफील्डच्या वायव्येस ज्या डोंगरी वस्त्या आहेत, आणि त्यांपैकी स्टॉक्सब्रिज हे स्वतःच पोलादाचे गाव आहे, त्या वस्त्यांत नाताळच्या गीतांची एक निराळी परंपरा आहे. ही गीते एके काळी चर्चमध्ये गावकरीच गात, वाद्ये गावकरीच वाजवीत. एकोणिसाव्या शतकात धर्माधिकाऱ्यांना हा गोंगाट अशिष्ट वाटू लागला. ऑर्गन आला, नेमलेले गायक आले, छापील भजनसंग्रह आला, आणि गावकऱ्यांच्या चाली देवळाबाहेर गेल्या. कोठे गेल्या? दारूच्या गुत्त्यात. तेथे त्या आजतागायत आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रविवारी दुपारी गुत्त्यात माणसे दाटीवाटीने उभी राहतात, हातात पेला असतो, ओठावर देवाचे नाव असते, आणि एकाच गीताला एका गावात एक चाल तर पुढच्या गावात दुसरी. कोणाची चाल खरी यावर वाद होतात. ज्याला वारीत एकाच अभंगाच्या निरनिराळ्या फडांतल्या चाली ठाऊक आहेत त्याला हे नव्याने समजावून सांगावे लागणार नाही. शिष्ट लोकांनी बाहेर घातलेले गाणे मरत नाही, ते जागा बदलते. शेफील्डने ही गोष्ट दीडशे वर्षे रोज संध्याकाळी सिद्ध केली आहे. (रोज संध्याकाळी नव्हे, रविवारी दुपारी; वक्तृत्वाच्या भरात तिथी चुकते.)

आता भिलाईकडे येऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकाराशी येथील पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा हा दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर एका राज्यात, भिलाई दुसऱ्यात गेली. म्हणजे येथील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळजण परप्रांतात आलेच नाहीत. ते आपल्याच प्रांतात नोकरीस लागले आणि प्रांत त्यांच्या पायाखालून सरकला. तसे पाहिले तर आपला येथील संबंध त्याहून जुना आहे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार केला, त्यांच्यामागे सुभेदार आले, कमाविसदार आले, मोडी दप्तर आले. त्या अंमलाची कीर्ती सर्वस्वी उज्ज्वल होती असे मी म्हणणार नाही. वसुली ही वसुलीच असते. पण भोसल्यांच्या छावण्यांबरोबर तमाशाही आला, आणि छत्तीसगडी लोकनाट्य 'नाचा' याचा जो उभ्याने वाजविण्याचा जुना प्रकार आहे, ज्यात जोक्कड नावाचा विदूषक आहे, पुरुषाने वठविलेली परी आहे, मशालीच्या उजेडात रात्रभर चालणारी गम्मत आहे, त्याचा आपल्या तमाशाशी काही रक्तसंबंध आहे असे काही अभ्यासक मानतात. सोंगाड्या आणि नाच्या ज्याने पाहिले आहेत त्याला हे मानावयास फार पुराव्याची गरज पडू नये.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दहा लक्ष टनांचा कारखाना, त्याच्याभोवती आखीव सेक्टर, आणि अनेक खेड्यांच्या शिवारांवर उभे राहिलेले एक नगर, ज्यात एकाही मनुष्याचे आजोबा राहिलेले नव्हते. अशा नगराला संस्कृती कोठली? ज्याने त्याने आपापली गाठोड्यात बांधून आणली. बंगाल्यांनी कालीबाडी बांधली, मल्याळी मंडळींनी अय्यप्पाचे मंदिर, आंध्रांनी बालाजीचे, आणि आपण मराठी लोकांनी मंडळ स्थापिले, गणपती बसविला, नाटके केली. ही नाटके कशी होत हे येथील जुन्या लोकांना मी काय सांगावे! नायक दुसऱ्या पाळीला, खलनायक रात्रपाळीला, नायिकेच्या यजमानांची पाळी दर आठवड्याला बदलणारी. तालमीला तिघे एकत्र आले तर तो दिवाळीचा दिवस. दोघांचा प्रवेश एकाने वाचावयाचा आणि दुसऱ्याच्या जागी खुर्ची ठेवावयाची. मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी या नाटकांत काय पाहिले असते ते सोडा. ज्याने खुर्चीला उद्देशून प्रेमाचे भाषण शिकले त्याचे पाठांतर पक्के होते, एवढे मी खात्रीने सांगतो.

ही सारी उद्योगी, सुशील, स्वतःपुरती संस्कृती. प्रत्येक प्रांताचे एकेक बेट. या बेटांच्या मधून जे पाणी वाहत होते ते कोणते?

गनियारी नावाचे खेडे येथून फार दूर नाही. तेथील एका पारधी घरातली मुलगी आपल्या आजोबांच्या तोंडून महाभारत ऐकत वाढली. ही महाभारतकथा सांगणारी पंडवानी स्त्रियांनी गावयाची तर बसून, वेदमती पद्धतीने गावी, उभे राहून अभिनयासह गाण्याची कापालिक शैली पुरुषांची, असा दंडक. तीजनबाईंनी तो मोडला, जातीने त्यांना बाहेर काढले, आणि ज्या तंबुऱ्याची कधी भीमाची गदा होते, कधी अर्जुनाचे धनुष्य होते, तो एकट्या हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. पुढची कीर्ती आपण जाणता: पद्मश्री, २००३ साली पद्मभूषण, २०१९ साली पद्मविभूषण, परदेशचे दौरे. परंतु कीर्तीच्या या यादीत एक नोंद सहसा वगळली जाते, आणि आज मला नेमके त्याच नोंदीवर बोट ठेवावयाचे आहे. तीजनबाई भिलाई इस्पात कारखान्याच्या नोकरीत होत्या. त्यांचे नाव हजेरीपटावर होते. महिनाअखेर त्यांना पगार मिळत होता.

पंथी नृत्याचे देवदास बंजारे, ज्यांनी सतनामी पंथाच्या गुरू घासीदासांच्या स्तुतीचे ते मांदळावरचे वेगवान नृत्य देशोदेशी नेले, तेही याच कारखान्याच्या नोकरीत होते. मंडळी, या गोष्टीचा अर्थ लक्षात घ्या. रस्किनने कारागिरांना इटालियन चित्र दाखविले. भिलाईच्या व्यवस्थापनाने, हेतुतः असो वा अजाणता, त्याहून धाडसाचे काम केले: ज्या शिवारांवर कारखाना उभा राहिला त्याच शिवारांतल्या गायिकेला आणि नर्तकाला त्याने कामगाराच्या बरोबरीने तनखा बांधून दिला. राजाश्रयात लहर असते. राजाची मर्जी गेली की मुशाहिरा बंद. हजेरीपटाला मर्जी नसते. त्याला भविष्यनिर्वाह निधी असतो, इस्पितळाचा दाखला असतो, राहावयास क्वार्टर असते. कलावंताला याहून अधिक काय द्यावे? त्याला एकटे सोडावे, एवढेच.

याच मातीतला दुसरा प्रसंग. रायपुरात १९२३ साली जन्मलेले नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर १९५५ साली इंग्लंडास गेले, लंडनच्या शाही नाट्यविद्यालयात आणि ब्रिस्टलच्या ओल्ड विकमध्ये शिकले, युरोप हिंडले, आणि परत आल्यावर १९५८ साली रायपुरास रात्रभर नाचा पाहून त्यातल्या सहा नटांना घेऊन दिल्लीस गेले. इंग्रजी नगरात शिकलेल्या मनुष्याला आपल्या गावचा नट दिसू लागला, यात ब्रिस्टलचे श्रेय किती आणि नाचाचे किती हा वाद मी विद्यार्थ्यांवर सोपवितो. त्यांचे 'चरणदास चोर' १९७५ साली सिद्ध झाले आणि १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्याने पारितोषिक मिळविले, हे सर्वत्र छापलेले असते. पण त्या नाटकाचे पहिले, कच्चे रूप 'चोर चोर' या नावाने आपल्या भिलाईच्याच मैदानावर, सतनामी समाजाच्या मोठ्या मेळाव्यापुढे उघड्यावर खेळले गेले होते. खरे बोलण्याचे व्रत घेतलेला चोर, आणि सत्यनामाला मानणारा समाज त्याचा पहिला प्रेक्षक! पंथी गीते त्या नाटकात आली ती सजावट म्हणून नव्हेत; प्रेक्षक आपलेच गाणे बरोबर घेऊन आले होते.

आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. दुर्गजवळच्या बघेरा गावी १९७१ साली दाऊ रामचंद्र देशमुखांनी 'चंदैनी गोंदा' उभे केले. शेतकऱ्याच्या एका वर्षाची कथा, गाण्यांतून. आडनाव ऐकून आपल्यांपैकी कोणी त्यांना कऱ्हाडचे समजू नये. ते अस्सल छत्तीसगडी. वतनाचे नाव मात्र आपल्या अंमलाची खूण असावी.

येथवर मी हजेरीपटाची स्तुती केली. आता त्याची दुसरी बाजू. हजेरीपट म्हणजे यादी, आणि ज्याचे नाव यादीत नाही तो? कारखान्याच्या फाटकाबाहेर, ठेकेदाराच्या हाताखाली, दल्ली-राजहराच्या खाणींत, पॉवर हाऊसपलीकडच्या उद्योगवसाहतीत ज्यांनी जन्म घालविला त्यांना सेक्टरातले घर नव्हते, म्हणून कलामंदिराची तिकीटखिडकीही त्यांची नव्हती. शंकर गुहा नियोगी या लोकांचे पुढारी. त्यांच्या संघटनेने वेतनासाठी लढे दिले, १९८३ साली दल्ली-राजहरास कामगारांच्या श्रमाने इस्पितळ उघडले, हे प्रसिद्ध आहे. मला येथे त्यांच्या एका निराळ्या कामाची आठवण करून द्यावयाची आहे. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरास फाशी गेलेला सोनाखानचा जमीनदार वीर नारायणसिंह, ज्याने दुष्काळात कोठार फोडून धान्य वाटले, तो विस्मृतीत गेला होता. खाणकामगारांनी त्याचा स्मृतिदिन पाळावयास आरंभ केला, त्याची गाणी केली, सभांतून ती गायिली. इतिहासाची पुस्तके मागाहून जागी झाली. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींचा याच भिलाईत खून झाला, झोपेत. शेफील्डच्या गुत्त्यातली गीते आणि या सभांतली गीते यांत मला जातिभेद दिसत नाही. जी गाणी मोठ्या दरवाजातून आत येऊ शकली नाहीत ती दोन्हीकडे जिवंत राहिली.

शेफील्डचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपले उद्याचे वर्तमान असू शकते. १९७१ साली तेथे नवे नाट्यगृह उघडले. तीन बाजूंना प्रेक्षक, मध्ये रंगमंच, आणि नाव ठेवले 'क्रूसिबल', म्हणजे हंट्समनची ती मूसच. दहा वर्षांत भट्ट्या विझू लागल्या. हॅडफील्डचा अवाढव्य पोलाद कारखाना पडला आणि त्याच्या जागेवर १९९० साली बाजारपेठ उघडली. बेकार पोलादकामगारांवर १९९७ साली एक चित्रपट निघाला, जग खदखदून हसले, आणि हसता हसता शेफील्ड म्हणजे काय होते हे जगाला कळले. त्या पडझडीच्या काळातच तेथल्या तरुण पोरांनी विजेच्या वाद्यांवर एक नवेच संगीत काढले. त्याला एक कारण असे की १९८६ पर्यंत तेथे बसचे भाडे नाममात्र होते आणि गरिबाचे पोर दूरच्या वस्तीतून रात्री शहरात येऊन परत जाऊ शकत होते. कलेच्या इतिहासात बसभाड्याचा अध्याय कोणी लिहीत नाही. लिहावा.

भिलाईत भट्टी विझलेली नाही, उलट उत्पादन वाढले आहे. पण नियमित कामगारांची संख्या पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली आहे. हजेरीपट आखूड होत चालला आहे. नव्या तीजनबाईचे नाव आता कोणत्या रकान्यात लिहिणार? कारखान्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, परंतु त्याआधी तो आपल्या मंडळाला विचारू. या प्रदेशात मराठी माणसे येऊन बेटावर बसून राहिली नाहीत, याचे दाखले पुष्कळ आहेत. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगड मित्र' काढले ते हिंदीत. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर खैरागडच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गजानन माधव मुक्तिबोध, ज्यांचे बंधू शरच्चंद्र नागपुरात मराठीत कविता लिहीत, ते राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत हिंदी कवितेचा कायापालट करून गेले. आणि आपण? गणेशोत्सवाचे दहा दिवस असतात. गायक पुण्याहून येतो, कीर्तनकार नागपुराहून येतो, त्यांचे गाडीभाडे, बिदागी, फराळ सर्व यथास्थित होते. शेजारच्या खेड्यातली पंडवानीवाली त्या मांडवात किती वेळा आली?

मंडळाचे कार्यवाह वहीत टिपून घेत आहेत, म्हणून मी सूचना स्पष्ट शब्दांत करतो. येत्या उत्सवात एक दिवस पंडवानीचा ठेवावा. पंडवानीवालीला बिदागी द्यावी ती पुण्याच्या गायकाला देता तितकीच, आणि ती हिशेबाच्या वहीत त्याच खात्यात लिहावी, 'स्थानिक किरकोळ' या खात्यात नव्हे. आमंत्रण सेक्टरांपुरते न ठेवता ठेकेदारी कामगारांच्या वस्त्यांतही लावावे, आणि तेथून येणाऱ्यांसाठी परतीच्या गाडीची सोय करावी. आणि कार्यक्रमाची वेळ संध्याकाळची ठेवू नये. संध्याकाळी दुसरी पाळी कामावर असते, आणि रात्रपाळीवाल्याला मध्येच उठून जावे लागते. भीम आणि दुःशासन यांचे युद्ध सकाळी साडेसहाला लावावे, रात्रपाळी सुटून लोक फाटकाबाहेर येतात त्या वेळी, आणि मांडवाच्या दाराशी चहाची मोठी किटली ठेवावी.